हौशी सायकलपटूचे अव्वल स्पर्धांतील पदार्पण : महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे एक विवेचन

१. प्रस्तावना

सोलापूर हे एकेकाळी गिरण्यांचे शहर होते. गिरणीच्या भोंग्याबरोबर कामावर निघणाऱ्या कामगाराचे सायकल हे वाहन होते; ती चालविण्यास कोणी क्रीडा म्हणत नसे. आज जुळे सोलापूरसारख्या विस्तारित वसाहतींतून पहाटे विजापूर रस्त्याने निघणारा सायकलस्वार प्रायः नोकरदार, व्यावसायिक, प्राध्यापक अथवा विद्यार्थी असतो. तो सायकल चालवितो ती आरोग्यासाठी आणि आनंदासाठी. क्रीडेच्या परिभाषेत अशा व्यक्तीस ‘हौशी’ म्हटले जाते. या हौशी सायकलपटूंपैकी काही जणांच्या मनात एका टप्प्यावर एक प्रश्न उभा राहतो : ज्यांचे सायकल हेच जीवन आहे, अशा अव्वल स्पर्धकांच्या रांगेत आपण उभे राहू शकू काय?

हा प्रश्न वरकरणी व्यक्तिगत वाटला तरी त्यात शरीरक्रियाशास्त्र, भौतिकशास्त्र, अर्थकारण आणि शिक्षणव्यवस्था असे अनेक विषय गुंतलेले आहेत. महाराष्ट्रातील काही सायकलपटूंनी २०१५ नंतरच्या दशकात या प्रश्नाचे प्रत्यक्ष उत्तर दिले. त्यांच्या उदाहरणांच्या आधारे हौशी पातळीवरून अव्वल पातळीवर जाताना नेमके काय बदलते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर ही उदाहरणे जवळजवळ सर्वच अतिदीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये का आढळतात आणि त्यात महाविद्यालयांचा कोणता संबंध येतो, याचाही विचार येथे केला आहे.

२. ‘हौशी’ या संज्ञेचा अर्थ

विसाव्या शतकात बराच काळ हौशी आणि व्यावसायिक यांच्यातील भेद नियमांनी ठरविलेला होता. ऑलिंपिक स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच होत्या. सायकलिंगमध्ये ही भिंत १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये कोसळली आणि व्यावसायिक सायकलपटूंना प्रवेश मिळाला. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने (यूसीआय) हौशी-व्यावसायिक ही विभागणी मागे टाकून वयावर आधारित विभागणी स्वीकारली. त्यानुसार १७ व १८ वर्षांचे स्पर्धक कनिष्ठ गटात, १९ ते २२ वर्षांचे तेवीस वर्षांखालील गटात आणि त्यापुढील ‘एलिट’ म्हणजे अव्वल गटात मोडतात.

या विभागणीचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. सायकलिंगच्या शिडीवरील पहिल्या दोन पायऱ्या १७ ते २२ या वयात येतात आणि आपल्याकडे हेच वय कनिष्ठ महाविद्यालयापासून पदव्युत्तर प्रवेशापर्यंतचे असते. म्हणजे या क्रीडाप्रकारात घडण्याचा काळ आणि महाविद्यालयात शिकण्याचा काळ हे एकच आहेत. हा मुद्दा पुढील विवेचनात पुन्हा येणार असल्याने येथे केवळ नमूद केला आहे.

३. अंतर नेमके कशात असते?

हौशी आणि अव्वल सायकलपटू यांच्यातील अंतर ‘वेग कमी-जास्त असणे’ एवढ्यापुरते नसते. ते तीन स्तरांवर समजून घ्यावे लागते.

३.१ शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर : सायकलपटूची क्षमता आज वॅट या एककात मोजली जाते. चढावर निर्णायक ठरते ते शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे दीर्घकाळ टिकणारे वॅट. नियमित सराव करणारा हौशी सायकलपटू साधारणपणे ३ ते ४ वॅट प्रति किलोग्रॅम इतकी शक्ती तासभर टिकवू शकतो. जगातील सर्वोत्तम घाटचढ्यांच्या बाबतीत हा आकडा ६ च्या आसपास जातो.

याचा अर्थ आपल्या परिचयाच्या रस्त्यावर तपासून पाहता येईल. मुंबई-पुणे सायकल स्पर्धेत बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब देण्याची परंपरा आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतची चढण ढोबळमानाने ५०० मीटर धरू. सायकलपटू व सायकल यांचे एकत्रित वजन ८० किलोग्रॅम मानल्यास, केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३ लाख ९२ हजार ज्यूल इतके कार्य करावे लागते. हा घाट ४० मिनिटांत चढणाऱ्यास त्यासाठी सरासरी १६३ वॅट पुरतात. २५ मिनिटांत चढणाऱ्यास २६१ वॅट लागतात. हवेचा व रस्त्याचा रोध यात धरलेला नाही. कार्य दोघांचेही सारखेच आहे. फरक आहे तो ते किती वेळात केले यात. हा १५ मिनिटांचा फरक भरून काढण्यासाठी हौशी सायकलपटूला आपली टिकाऊ शक्ती दीडपटीहून अधिक वाढवावी लागते.

३.२ हवेचा रोध आणि समूहात चालविण्याचे कौशल्य : सपाट रस्त्यावर सायकलपटूचा मुख्य शत्रू हवा असतो. हवेचा रोध कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० किलोमीटरवरून ४० किलोमीटरवर जाताना वेग एकतृतीयांशाने वाढतो, परंतु हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे २.४ पट होते. म्हणूनच अव्वल स्पर्धक दाट घोळक्याने धावतात. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाला राहिल्याने शक्तीची मोठी बचत होते.

हौशी सायकलपटू पहिल्याच मोठ्या शर्यतीत मागे पडतो, त्याचे कारण अनेकदा त्याच्या पायांत नसून येथे असते. पुढच्या चाकापासून वीतभर अंतर ठेवून, ताशी ४५ किलोमीटर वेगाने, दोन्ही बाजूंना खांदे भिडत असताना वळण घेणे हे कौशल्य एकट्याने पहाटे फिरून येत नाही. भीतीने दोन हात अंतर सोडले की आडोसा जातो, प्रत्येक वळणानंतर अंतर भरून काढण्यासाठी जोर लावावा लागतो आणि अशा पन्नास जोरांनंतर पाय संपतात. हे कौशल्य लहान वयात, समूहात आणि वारंवार शर्यती धावूनच अंगी बाणते.

३.३ सरावाचा वेळ आणि विश्रांती : व्यावसायिक सायकलपटू आठवड्याला २० ते ३० तास सराव करतो आणि उरलेल्या वेळेत विश्रांती घेतो. नोकरी करणाऱ्या हौशी सायकलपटूस ८ ते १० तास मिळाले तरी पुष्कळ. दोघांमधील खरा भेद विश्रांतीचा आहे. सरावाने स्नायू थकतात. ते बलवान होतात विश्रांतीत. पहाटे चारला उठून सराव, दिवसभर काम आणि रात्री घरच्या जबाबदाऱ्या अशा दिनक्रमात सरावाचे तास वाढविता येतात, पण झोपेचे तास त्याच प्रमाणात घटतात. हौशी सायकलपटूची प्रगती खुंटते ती बहुधा येथेच.

४. महाराष्ट्राची वाट : अतिदीर्घ पल्ला

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील उदाहरणे पाहणे उद्बोधक ठरते. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ (रॅम) ही स्पर्धा १९८२ मध्ये चार सायकलपटूंनी सुरू केली. लॉन हाल्डमन यांनी ती पहिली शर्यत ९ दिवस २० तास २ मिनिटांत जिंकली. पुढे दीर्घकाळ या स्पर्धेचा मार्ग कॅलिफोर्नियातील ओशनसाइडपासून मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिसपर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटरचा राहिला. त्यात वाळवंट, रॉकी पर्वत, विस्तीर्ण मैदाने आणि शेवटी अ‍ॅपालाचियन पर्वताचे चढउतार येतात. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. झोपेचा वेळही स्पर्धेतच मोजला जातो. एकल स्पर्धकास साधारणतः १२ दिवसांची आणि संघास ९ दिवसांची मुदत असते.

२०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी दोघांच्या संघाने ही स्पर्धा ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. असा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यानंतर २०१७ मध्ये नाशिक येथे कार्यरत असलेले लष्करी वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी एकल गटात ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत ती पूर्ण केली. एकल गटात यशस्वी झालेले हे पहिले दोन भारतीय होत. गोकुळनाथ यांचा २०१६ चा प्रयत्न अपूर्ण राहिला होता, हेही येथे नोंदविले पाहिजे. २०१८ मध्ये डॉ. समर्थ यांनी रशियातील सुमारे ९,१०० किलोमीटरची ट्रान्स-सायबेरियन शर्यत पूर्ण केली. २०१९ मध्ये नवी मुंबईचे वकील कबीर राचुरे यांनी रॅमची एकल शर्यत मुदतीत संपविली.

या नावांकडे पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. हे डॉक्टर आहेत, लष्करी अधिकारी आहेत, वकील आहेत. सायकलिंग हा यांपैकी कोणाचाही मूळ पेशा नव्हता. शिक्षण पूर्ण करून, व्यवसायात स्थिर होऊन त्यांनी अव्वल स्पर्धेकडे पाऊल टाकले.

५. पूर्ण करणे, स्पर्धा करणे आणि जिंकणे

अशा यशाविषयी बोलताना आपल्याकडे सरसकट ‘स्पर्धा जिंकली’ असे म्हटले जाते. अभ्यासकाने येथे भेद करणे आवश्यक आहे. २०१७ ची एकल शर्यत ऑस्ट्रियाच्या क्रिस्टोफ स्ट्रासर यांनी जिंकली. त्यांनी २०१४ मध्ये ७ दिवस १५ तास ५६ मिनिटांचा विक्रम केला होता; थांबण्याचा सर्व वेळ धरूनही तेव्हाचा त्यांचा सरासरी वेग ताशी २६ किलोमीटरहून अधिक होता. गोकुळनाथ यांची वेळ या विक्रमापेक्षा चार दिवसांहून अधिक आहे.

मग हौशी स्पर्धक कोणाशी स्पर्धा करतो? तो मुदतीशी स्पर्धा करतो. १२ दिवसांच्या मुदतीत गोकुळनाथ यांच्या हाती सव्वापाच तास आणि समर्थ यांच्या हाती अवघे २ तास ४९ मिनिटे शिल्लक होती. सुमारे २८८ तासांच्या प्रवासात पावणेतीन तासांचे अंतर म्हणजे एक चुकलेले वळण, एक लांबलेली झोप किंवा पोटाचा एक बिघाड. या दृष्टीने पाहता मुदतीत पोहोचणे हेही अत्यंत काटेकोर असे यश आहे. त्यास विजय म्हणण्याची गरज नाही. ते जे आहे तेच पुरेसे मोठे आहे.

गणिताने ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ४,८०० किलोमीटर १२ दिवसांत म्हणजे दररोज ४०० किलोमीटर. प्रत्यक्ष चालतानाचा वेग ताशी २१ किलोमीटर राहिला, तर रोज १९ तास सायकलवर जातात आणि झोप, अन्न, देहधर्म यांसाठी ५ तास उरतात. हाच वेग २५ झाला, तर ८ तास उरतात. वेगवान स्पर्धकास झोपेचीही सवलत मिळते आणि संथ स्पर्धकास जागरणाचा दंड भरावा लागतो. हौशी स्पर्धकाची शर्यत अव्वल स्पर्धकापेक्षा सोपी नसते. अनेक अर्थांनी ती अधिक लांब असते.

६. शरीरावरील परिणाम

मार्गातील एकूण चढण सुमारे ५०,००० मीटर धरल्यास, ८० किलोग्रॅम वजन वर नेण्यासाठी सुमारे ९,४०० किलोकॅलरी इतके यांत्रिक कार्य लागते. मानवी स्नायू अन्नातील ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग यांत्रिक कार्यात रूपांतरित करतात. म्हणजे नुसत्या चढणीसाठी सुमारे ३७,००० किलोकॅलरी, अर्थात प्रतिदिन ३,००० हून अधिक किलोकॅलरी लागतात. सपाटीवरील श्रम आणि शरीराची मूलभूत गरज याशिवाय वेगळी. इतके अन्न पचविणे हेच एक आव्हान असते.

ऊर्जेचा उरलेला तीनचतुर्थांश भाग उष्णतेत जातो. सायकलपटू २०० वॅट शक्ती निर्माण करीत असेल, तर त्याच वेळी शरीरात सुमारे ६०० ते ७०० वॅट उष्णता निर्माण होते. ती घामाने बाहेर टाकायची, तर ताशी जवळजवळ एक लिटर घामाचे बाष्पीभवन व्हावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणाऱ्या सोलापूरच्या तापमानात सराव करणाऱ्यास हे अनुभवाने ठाऊक असते. उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण १० ते १४ दिवस लागतात. त्यामुळे वाळवंटी टप्प्यासाठी आपला सायकलपटू निसर्गतःच काहीसा तयार असतो. मात्र केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटण्याचा धोका संभवतो, याचेही भान ठेवावे लागते.

अनेक दिवस पुढे वाकून बसल्याने मानेचे स्नायू निकामी होऊन डोके वर धरता न येण्याचा विकार या स्पर्धेत आढळतो. १९८२ च्या पहिल्या चार स्पर्धकांपैकी एक मायकेल शर्मर यांच्या नावाने तो ‘शर्मर नेक’ म्हणून ओळखला जातो. निद्राअभावामुळे भास होणे, दिशाभान सुटणे हे नित्याचे असते. अनेक वर्षे तीव्र दमश्वासाचा व्यायाम करणाऱ्यांत हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता अधिक आढळते, असेही वैद्यकीय निरीक्षण आहे. रस्ता तर सर्वांत निर्दय. २००५ च्या स्पर्धेत डॉ. बॉब ब्रीडलव्ह या अनुभवी अस्थिशल्यविशारदाचा कोलोरॅडो राज्यात वाहनाच्या धडकेने मृत्यू झाला. तेही व्यवसायाने डॉक्टर आणि वृत्तीने हौशी सायकलपटू होते. पदार्पणाचा निर्णय घेणाऱ्याने आणि त्यास प्रोत्साहन देणाऱ्यानेही हा धोका नजरेआड करता कामा नये.

७. अतिदीर्घ पल्लाच का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. महाराष्ट्रातील हौशी सायकलपटू रस्त्यावरील समूह शर्यतींऐवजी अतिदीर्घ पल्ल्याकडे का वळले? याची चार कारणे संभवतात.

पहिले कारण वयाचे. दीर्घ पल्ल्याची सहनशक्ती पस्तिशी-चाळिशीतही उत्तम राहते. समूह शर्यतीस लागणारा स्फोटक जोर आणि कौशल्य मात्र विशीपूर्वी घडावे लागते. दुसरे कारण नियमांचे. रॅमसारख्या स्पर्धेत बहुतांशी एकट्याने, आडोशाविना धावावे लागत असल्याने समूहकौशल्याची उणीव आड येत नाही. तिसरे कारण प्रवेशाचे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे परिसरात झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ ही यूसीआयच्या २.२ श्रेणीतील बहुटप्पा शर्यत होती. अशा शर्यतींत संघामार्फतच प्रवेश मिळतो. एकटा हौशी सायकलपटू शुल्क भरून तेथे उभा राहू शकत नाही. चौथे कारण पायऱ्यांचे. दीर्घ पल्ल्याची शिडी सर्वांना खुली आहे. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत, ३०० ची वीस तासांत, ४०० ची सत्तावीस तासांत आणि ६०० ची चाळीस तासांत पूर्ण करणारा सायकलपटू एका हंगामात ‘सुपर रँडोनर’ होतो. त्यापुढे पुणे ते गोवा ही सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही रॅमची पात्रता स्पर्धा आहे. प्रत्येक पायरी ज्ञात, मोजता येणारी आणि नोकरी सांभाळून चढता येणारी आहे.

याचा अर्थ असा की, अतिदीर्घ पल्ल्याची निवड ही केवळ साहसाची आवड नव्हे. उशिरा सुरुवात करणाऱ्यास उघडे असलेले ते एकमेव दार आहे. परंतु या दारालाही उंबरठा आहे. अमेरिकेतील स्पर्धेसाठी सोबतीची वाहने, आठ-दहा जणांचे साहाय्यक पथक, प्रवास व निवास यांचा खर्च अनेक लाखांत जातो. उदाहरणे डॉक्टर, अधिकारी व वकील यांचीच का आहेत, याचे उत्तर त्यांच्या जिद्दीत आहे, तसेच त्यांच्या आर्थिक व सामाजिक स्थानातही आहे. सायकलवर दूध वा वर्तमानपत्रे पोहोचविणाऱ्या तरुणाच्या पायांत तेवढीच शक्ती असू शकते. त्याच्यासाठी शिडीची पहिली पायरीच महाग आहे.

८. महाविद्यालयांची भूमिका

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये विद्यापीठीय शिक्षण घेत असताना सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलवरून पूर्ण केली. विद्यार्थिदशेतही हे घडू शकते, एवढे या उदाहरणावरून दिसते. मग आपल्याकडे १७ ते २२ हा काळ रिकामा का जातो?

अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांत सायकलिंगचा समावेश आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तयार झालेल्या अभ्यासक्रमांत सहअभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत क्रीडेला स्थान मिळाले आहे. चौकट उपलब्ध आहे. तीत आशय भरण्याचे काम प्राध्यापकांचे आहे. त्यासाठी पुढील गोष्टी अल्प खर्चात करता येतील :

(अ) दररोज सायकलने महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्यांची नोंद घेऊन, ठरावीक अंतरावरील वेळचाचणी वर्षातून दोनदा घेणे. गुणवत्ता शोधण्याची याहून सोपी पद्धत नाही.

(आ) जोडीने व गटाने सायकल चालविण्याचे प्रशिक्षण मोकळ्या मैदानावर देणे, जेणेकरून समूहकौशल्य वेळेत अंगी बाणेल.

(इ) भौतिकशास्त्र, प्राणिशास्त्र, गृहविज्ञान व शारीरिक शिक्षण या विभागांनी संयुक्तपणे शक्ती, घाम, आहार आणि विश्रांती यांची मोजमापे विद्यार्थ्यांकडून करून घेणे. वर दिलेली उदाहरणे बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पलीकडची नाहीत.

(ई) दीर्घ पल्ल्याच्या सरावापूर्वी वैद्यकीय तपासणी आणि महामार्गावर परावर्तक पट्ट्या, दिवे व शिरस्त्राण यांचा आग्रह धरणे.

(उ) एक-दोन चांगल्या शर्यतीच्या सायकली ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे फिरत्या तत्त्वावर उपलब्ध ठेवणे.

विद्यार्थिनींच्या बाबतीत रात्रीचा व पहाटेचा एकट्याने सराव हा मोठा अडसर ठरतो. गटाने सराव ही त्यांच्यासाठी सोय नसून अट आहे, हे लक्षात घेऊन नियोजन व्हावे.

९. समारोप

हौशी सायकलपटूचे अव्वल स्पर्धांतील पदार्पण हे शक्ती, कौशल्य, वेळ, विश्रांती आणि द्रव्य या पाच गोष्टींच्या जुळणीवर अवलंबून असते. महाराष्ट्रातील सायकलपटूंनी यांपैकी जे हाती नव्हते त्यास वळसा घालून, जे हाती होते त्या सहनशक्तीच्या व शिस्तीच्या बळावर, जगातील कठीण स्पर्धांत आपले स्थान मिळविले. त्यांचे यश निर्विवाद आहे. तथापि ते व्यवस्थेमुळे मिळालेले नाही. व्यवस्था नसतानाही मिळालेले आहे. प्रत्येक हौशी सायकलपटूने अव्वल व्हावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही आणि आरोग्याच्या दृष्टीने हिताचेही नाही. परंतु ज्याच्यात ती क्षमता आहे, त्यास ती वयाच्या अठराव्या वर्षी कळावी, अडतिसाव्या नव्हे, एवढी अपेक्षा महाविद्यालयांकडून निश्चितच ठेवता येईल. सायकलच्या स्टँडवर रोज लागणाऱ्या रांगेकडे त्या दृष्टीने पाहिले, तरी त्याची सुरुवात होऊ शकेल.